अनुभवी माणूससुद्धा चुकतो

लेखात म्हटलंय की अनुभव वाढला की निर्णयातल्या चुका कमी होतात, मला हे पूर्ण पटत नाही. २७ मार्च १९७७, स्पेनच्या तेनेरीफ बेटावरचा विमानतळ, दाट धुकं, आणि केएलएम या डच विमान कंपनीचा कॅप्टन म्हणजे कंपनीतला एकदम सीनियर माणूस, त्याने टेकऑफची परवानगी मिळालीच असं धरलं आणि विमान पळवायला लागला. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं पण, ते पॅन अॅमचं (अमेरिकन कंपनीचं) विमान धावपट्टीवरून बाजूला झालं नाही का? कॅप्टन ठामपणे म्हणाला, झालंय. पण ते तिथेच होतं, दोन्ही विमानं आदळली, ५८३ माणसं गेली हो. इंजिनिअरने विचारलं होतं, हेच मला सारखं खुपतं, पण साहेबापुढे दुसऱ्यांदा कोण बोलणार. नंतर ज्युनिअरने कॅप्टनला टोकायचं रीतसर ट्रेनिंग सुरू झालं. आपल्याकडे ऑपरेशन थिएटरमध्ये नर्सला असं डॉक्टरला थांबवता येतं का?