पाऊणकी

गेल्या सोमवारी संध्याकाळी, होटगी रस्त्यावरच्या एका जिममध्ये, मी आयुष्यात प्रथमच 60 किलोंची डेडलिफ्ट मारली, म्हणजे जमिनीवरचा बार दोन्ही हातांनी धरून गुडघे आणि कंबर सरळ होईपर्यंत उचलला, आणि त्या पराक्रमाचा आनंद मला जेमतेम दहा सेकंद उपभोगता आला. मागे उभी असलेली, फार तर 52 किलोंची, कॉलेजात जाणारी एक मुलगी अतिशय नम्रपणे म्हणाली, ''काका, प्लेटा काढू नका हं, माझ्या वॉर्मअपला तेवढ्याच लागतात.'' ती उद्धटपणे बोलली असती तर मला रागावता तरी आले असते.

एवढ्यावरही प्रकरण मिटले असते. पण गुरुजी कूलरसमोर बसले होते.

गुरुजी म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक, आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणारे. डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितले आहे आणि सोलापूरचा एप्रिल माणसाला बाहेर चालू देत नाही, म्हणून त्यांनी जिमची वर्षाची फी भरली. पांढरा लेंगा, बाह्यांची गंजी आणि खांद्यावर टॉवेल अशा वेषात ते ट्रेडमिलवर दहा मिनिटे शतपावली करतात आणि उरलेला तासभर कूलरसमोरच्या बाकावर वर्तमानपत्र वाचतात. वजनाला त्यांनी आजवर बोट लावलेले नाही. मात्र ट्रेनरने भिंतीवर चिकटवलेला तक्ता, म्हणजे कोणी आपल्या वजनाच्या किती पट उचलावे याचा ठोकताळा, त्यांना तोंडपाठ आहे: नवशिक्या पुरुषाने एकपट, सरावलेल्याने दीडपट, मुरलेल्याने दुप्पट, बायकांसाठी सुरुवात पाऊणपटीपासून.

''तुमचं वजन किती वो?'' वर्तमानपत्र खाली न घेता त्यांनी विचारले.

''ऐंशी.''

''आणि उचललं किती?''

''साठ. बार वीसचा, दोन्हीकडे वीस-वीसची एकेक प्लेट.'' हा तपशील कोणी विचारला नव्हता.

गुरुजींनी डोळे मिटले. ''चार पाऊणे तीन, आठ पाऊणे सहा. अहो, ही तर पाऊणकी झाली की!''

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे पाव, अर्ध्या, पाऊण पटीपासून साडेतीन पटीपर्यंतचे पाढे ज्यांनी छडीखाली घोकले, त्यांनाच या उद्गारातली धार कळेल. जिममधल्या पोरांना ती कळण्याचे कारण नव्हते, म्हणून गुरुजींनी त्यांना ती समजावून सांगितली, तीही माझ्या पोटाकडे वर्तमानपत्राची सुरळी रोखून. मग ते उठून तक्त्यापाशी गेले, बायकांच्या रकान्यावर बोट ठेवले आणि शाळेत निकाल सांगावा तसे म्हणाले, ''इथं मात्र पास आहात.''

''माझं वय पन्नास आहे, गुरुजी,'' मी म्हणालो. माणूस वयाचा आधार घेतो तेव्हा त्याची काय अवस्था झालेली असते, हे वाचकांना सांगायला नको.

''मग थांबा, तुम्हाला ग्रेसचे मार्क आहेत!'' पॉवरलिफ्टिंगमध्ये चाळिशीपुढच्यांसाठी मॅक्कुलॉकचे वयाचे गुणक वापरतात, तेही त्यांना पाठ होते. ''पन्नाशीला 1.13. साठ गुणिले 1.13, सदुसष्ट पूर्णांक आठ दशांश. सवलत धरूनही नापास. पण साठीला गुणक 1.34 आहे. तेव्हा तुम्ही काही म्हणजे काही करू नका. हेच साठ किलो आणखी दहा वर्षं उचलत राहा, हिशेब ऐंशीच्या वर जातो, तुम्ही आपोआप एकपट. वर चारशे ग्रॅम शिल्लक.''

ट्रेनर हसला. त्याला मी दरमहा पैसे देतो.

मला हा हिशेबच मान्य नाही, आणि तो केवळ माझा अपमान झाला म्हणून नव्हे. अमेरिकेच्या लामार गँटने 1985 मध्ये 60 किलोंच्या वजनगटात 300 किलो उचलले, म्हणजे औटकीच्याही पुढे, थेट पाचपट, आणि तेही पाठीचा कणा वाकडा असताना. उलट आइसलँडच्या हाफथोर ब्योर्नसनने 2020 मध्ये 501 किलो उचलले. पण तो स्वतःच 200 किलोंच्या घरातला, तेव्हा या तक्त्याप्रमाणे त्याची अडीचकीच भरते. 501 किलो उचलणारा माणूस गँटच्या निम्मा ठरतो, कारण ताकद स्नायूच्या जाडीच्या छेदावर, म्हणजे क्षेत्रफळावर वाढते आणि वजन घनफळावर वाढते. देह मोठा झाला की पट घटणारच. हे सारे मी तळमळून मांडले. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ''म्हणजे आपण जाड आहोत, हे तुम्हाला मान्य आहे?''

तेव्हापासून पोरे मला 'पाऊणे' म्हणतात. 'आले बघा पाऊणे' असे कोणी म्हटले की नवख्यांना मी कोणाचा तरी पाहुणा वाटतो, आणि काल तर एकाने मला पाणी आणून दिले.

पाण्यावरून आठवले. आमच्याकडे नळाला चार-चार दिवसांनी पाणी येते, तेही पहाटे, आणि दाबाने वरच्या मजल्यापर्यंत चढत नाही. मग वीस-वीस लिटरचे कॅन दोन हातांत घेऊन तीन मजले चढायचे, आणि अशा आठ फेऱ्या करायच्या. माझी पत्नी 54 किलोंची आहे, रात्रीची गोळी घेते, आणि तरीही एकेक कॅन घेऊन माझ्या मागे चढते. बायकांच्या रकान्यात जिन्याचा हिशेब नाही, गोळीचाही नाही. बार निदान मध्ये धरण्यासाठी घडवलेला असतो. कॅनची मूठ बोटे कापते, आणि पाणी आत हिंदकळून माणसाला कठड्यावर ढकलते. याचे मानक कोणत्या भिंतीवर लावले आहे?

बुधवारी पहाटे पावणेपाचला पाणी आले. मी दोन्ही हातांत भरलेले कॅन घेऊन पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तोच तळमजल्याचे दार उघडले. गुरुजींनी दाताचा ब्रश तोंडातून काढला, एका कॅनकडे पाहिले, दुसऱ्याकडे पाहिले आणि क्षणभर डोळे मिटले.

''आज निमकीच का वो?''