‘बायकी वास’ म्हणून एक स्टार देणाऱ्या सरांना उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की आम्ही दिलेला परफ्यूम बायकी निघाला, गुलाबाचा वास येतो, दोन तासात उडून जातो, आणि काउंटरवरचा मुलगा स्वतःच भुवया कोरून, सेंट मारून उभा, त्याला पुरुषांचं काय कळणार.

उडण्याचं आधी सांगतो. तुम्ही घेतलाय तो ओ द तुआलेत, म्हणजे परफ्यूमचा हलका प्रकार आहे, त्यात सुगंधी तेलाचं प्रमाण ओ द पार्फम या दाट प्रकारापेक्षा कमी असतं, त्यामुळे तो लवकर उतरणारच, आणि हे बाटलीवर लिहिलेलंय. शिवाय आपल्याच अंगावरचा वास थोड्या वेळाने आपल्या नाकाला जाणवेनासा होतो, शेजारच्याला येत असतो. त्वचा कोरडी असेल तर अजून पटकन जातो, आधी साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर लावून बघा, आणि मारल्यावर मनगटं एकमेकांवर घासू नका.

आता गुलाब. तुमच्या बाटलीत गुलाब नाहीचे सर, जिरेनियम आहे. त्याच्या पानांच्या तेलात जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉल ही वासाची द्रव्यं असतात, गुलाबाच्या तेलात पण हेच दोन्ही असतात म्हणून तुम्हाला तसं वाटलं, आणि पुरुषांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी परफ्यूममध्ये हे जिरेनियम असतंच. तुम्ही लिहिलंय की वास कसा ‘आफ्टरशेव्हसारखा कडक मर्दानी’ पाहिजे, आता त्या दाढीच्या दुकानातल्या वासाचं मूळ बघायला गेलं तर १८८२ चा फुजेर रोयाल नावाचा परफ्यूम, आणि त्या पठडीतल्या वासांचा पाया म्हणजे लॅव्हेंडर, ओकमॉस (ओकच्या झाडावर वाढणारं दगडफुलासारखं काहीतरी) आणि कुमारिन (वाळल्या गवतासारखा गोडसर वास देणारं द्रव्य). लॅव्हेंडर फूलच आहे की हो! तुमचे वडील ओल्ड स्पाइस लावायचे म्हणताय, तो ब्रँड १९३७ मध्ये बाजारात आला तोच मुळी बायकांसाठी, पुरुषांचा माल त्याच्या पुढच्या वर्षी आला. म्हणजे मर्दानी-बायकी हे बरंचसं खोक्यावर असतं, आत नाही. ‘फॉर मेन’ छापलं की तेच फूल चालतं, मग न छापता चालायला काय हरकत आहे?

तरी तुम्हाला वास आवडला नसेल तर तो तुमचा हक्क आहे, नाक तुमचं. पण त्या मुलाबद्दल जे लिहिलंय ते मला पटलेलं नाही. तुम्ही कागदाच्या पट्टीवर हुंगून लगेच पॅक करा म्हणालात तेव्हा ‘हातावर मारून थोडं थांबा, सुरुवातीचा लिंबाचा वास जाऊ द्या’ असं त्यानेच तुम्हाला सांगितलेलं, मी मागेच उभा होतो. त्याच्या भुवयांचा आणि त्याच्या नाकाचा काही संबंध नाही.

उघडलेली बाटली परत घेत नाही, हे बिलावर आहे. पण वेळ काढून या, वेटिव्हर म्हणजे आपला वाळा, सीडरवुडचं लाकूड, चामडं अशा वासांचे असे दोन-चार टेस्टर हातावर मारून बघा, बाहेर एक चक्कर मारून या, मग ठरवा. संध्याकाळी आलात तर काउंटरवर तोच असेल, त्यालाच विचारा.