‘नोटीस येण्याआधी फ्लॅट आईच्या नावावर करा’ हा सल्ला घातक आहे

परवा रात्री साडेअकरा वाजता मावसभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक संदेश पाठवून विचारले, ‘दादा, सोमवारीच रजिस्ट्रेशन उरकू का?’ संदेशाचा दावा असा, की घटस्फोटात बायको नवऱ्याचा अर्धा फ्लॅट घेते, म्हणून नोटीस येण्याआधी २०० रुपयांत आईच्या नावे बक्षीसपत्र करावे. मग कोर्टाला काही कळत नाही आणि पोटगीही टळते.

अर्ध्या फ्लॅटची भीतीच निराधार आहे. हिंदू विवाह कायद्यात नवऱ्याच्या एकट्याच्या मालकीच्या घराची घटस्फोटात अर्धी-अर्धी वाटणी होत नाही. गोव्याचा कायदा वेगळा आहे. २०० रुपयांची सवलत महाराष्ट्रात आहे खरी, पण ती पती, पत्नी, मुले, नातवंडे आणि दिवंगत मुलाची पत्नी यांना घर किंवा शेतजमीन देताना मिळते. त्या यादीत आई नाही. मुलाने आईला फ्लॅट दिला तर तीन टक्के मुद्रांक शुल्क लागते, म्हणजे ८० लाखांच्या फ्लॅटवर २ लाख ४० हजार, आणि स्थानिक अधिभार वेगळा.

मात्र ‘कोर्टाला कळत नाही’ हे वाक्य सर्वांत धोकादायक आहे. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पोटगीच्या प्रकरणांसाठी मालमत्तेच्या प्रतिज्ञापत्राचा नमुनाच ठरवून दिला असून, विवाह टिकून असताना कोणती मालमत्ता दुसऱ्याच्या नावे केली आणि का केली, हे त्यात शपथेवर लिहावे लागते. शिवाय दस्ताची तारीख इंडेक्स टू मध्ये, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या दस्तसूचीत, कायमची नोंदलेली असते आणि तो उतारा समोरच्या वकिलाला सहज काढता येतो. भांडण मार्चमधले आणि बक्षीसपत्र एप्रिलमधले, हे एकदा न्यायाधीशांपुढे आले की भावाच्या बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही कोण विश्वास ठेवणार? लपवले तर खोट्या शपथेची कारवाई ओढवते. पोटगी ठरवताना उत्पन्न आणि कमावण्याची क्षमताही पाहतात, त्यामुळे फ्लॅटवरचे नाव बदलून पगार कमी होत नाही.

नोंदणीकृत बक्षीसपत्राने मालकी खरोखर बदलते, एवढे मला मान्य करावे लागेल. पण तोच तर धोका आहे, कारण ते मनात आले म्हणून रद्द करता येत नाही. मावशीने इच्छापत्र केले नाही, तर तिच्या पश्चात त्या फ्लॅटमध्ये भावाइतकाच वाटा त्याच्या दोन्ही बहिणींचा असेल. त्याच्या फ्लॅटवर अजून गृहकर्जही आहे आणि मूळ कागद बँकेत आहेत. सोमवारी त्याने सुट्टी घेतली आहेच, तर पगारपत्रके आणि कर्जाचा उतारा घेऊन वकिलाकडे जावे, असे मी त्याला कळवले आहे.