ओटीतला खण आणि आत्याचं जॅकेट

यंदाच्या संक्रांतीला आमची आत्या खणाचं जॅकेट घालून हळदीकुंकवाला बसली. वय 71. जांभळा खण, हिरवा काठ, आत सुती अस्तर, दोन्ही बाजूंना खिसे. जॅकेट मीच शिवलं होतं. तेव्हापासून हे लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेय. लांब होणार आहे, सवडीनं वाचा.

सांगलीत शिवणाचं दुकान चालवते, त्याला 22 वर्षं झाली. आधी फॉल-पिको आणि ब्लाउज एवढंच होतं. गेल्या काही वर्षांत खणाची लाट आली आणि निम्मं काम त्याचंच झालं. कुर्ते, जॅकेट, परकर-पोलकी, पिशव्या, नवऱ्यामुलाच्या भावाला खणाचा बंडी-कोट. दिवाळीत खणाचे आकाशकंदीलसुद्धा होतात. मला विचारतात, "ताई, हे फॅड किती दिवस टिकणार?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं वाक्य येतं, "पण छान आहे, आपली परंपरा जपली जाते." त्या दुसऱ्या वाक्यावर मला बोलायचंय.

खण बनतो गुळेदगुड्डला, बागलकोट जिल्ह्यात, बदामीच्या जवळ. विणणारा कन्नड बोलतो आणि नेसणारी मराठी, असं हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. आमच्या सांगली-कोल्हापूरकडे त्याचं कुणाला नवल वाटत नाही, इरकलही तिकडचीच. मूळ हातमागाच्या खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, लहान, साधारण 31 इंच. का, तर तो चोळीसाठीच विणलेला. दोन्ही कडांना काठ. तो काठ बरोबर दंडावर यावा, पाठीवर बुट्टी सरळ पडावी आणि कातरण जवळजवळ उरूच नये, असा जुन्या चोळीचा बेत असायचा. माझ्या आजीची एक चोळी मी उसवून बघितली आहे. सगळे तुकडे परत जुळवले तर जवळपास अख्खा खण तयार होतो. आज मी कागदावर पॅटर्न काढून कुर्ता बेतते तेव्हा किती कापड वाया जातं ते माझं मला माहीत आहे. त्या चोळीसमोर मी अजून शिकाऊ आहे.

खणातली बुट्टी ताण्यातल्या, म्हणजे उभ्या, जादा धाग्यांतून उमटते. तुळस, कळस, रथ, हत्तीचं पाऊल. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, म्हणून कापड हलवलं की रंग बदलतो. फोटोत ते कधीच पकडता येत नाही. गिऱ्हाईक मोबाइलवर रंग दाखवतं आणि म्हणतं "हाच पाहिजे", तेव्हा मी त्यांना दुकानाच्या दारात उजेडाला आणून खण हलवून दाखवते.

आता ओटीकडे येते. खण बाईनं स्वतःसाठी जाऊन विकत घ्यायची वस्तू नव्हती, तो मिळायचा. माहेरून निघताना, डोहाळजेवणाला, नवरात्रात, कुणाच्या घरी पहिल्यांदा गेल्यावर. त्रिकोणी घडी, वर नारळ, मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी. देवीलाही खणा-नारळानंच ओटी. बाईच्या पदरात काहीतरी घालून तिला पाठवायचं, रिकामी जाऊ द्यायची नाही, यामागची माया मला फार मोठी वाटते. माझ्या लग्नात परिस्थिती बेताची होती, तरी गल्लीतल्या बायकांनी मिळून माझ्या ओटीत अकरा खण घातले. त्यातला डाळिंबी खण अजून माझ्या कपाटात आहे.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू आमच्या माजघरात बसलेली असायची.

आत्या 28 व्या वर्षी विधवा झाली आणि वडिलांनी तिला घरी आणलं. मी तीन वर्षांची होते, त्यामुळे मला तिचं आधीचं रूप आठवतच नाही. आमच्या घरी हळदीकुंकू असलं की पहाटेपासून राबायची ती. तिळाच्या वड्या तिच्याच हातच्या. खणांच्या घड्या तिच्याच, एकसारख्या, जणू साच्यातून काढलेल्या. चार वाजता बायका यायला लागल्या की ती आतल्या खोलीत जाऊन बसायची. तिला कुणी "जा" म्हणायचं नाही, तशी वेळच ती येऊ द्यायची नाही. मी एकदा, सात-आठ वर्षांची असेन, एक खण उचलून आत तिला द्यायला गेले. तिनं तो माझ्या हातातून घेतला, परत नीट घडी घातली आणि म्हणाली, "बाहेर नेऊन ठेव, मोजून ठेवलेत." बाकी काही नाही. मोजून ठेवलेत. त्या मोजणीत ती नव्हती.

म्हणून "परंपरा जपली जाते" हे वाक्य ऐकलं की मला विचारावंसं वाटतं, कुठली? ओटी भरणारी, की ओटी नाकारणारी? कापड तर दोन्हींकडे तेच होतं.

आणखी एक गोष्ट कुणी उघड बोलत नाही. खणाला उतरती कळा लागली त्यात आपल्या परंपरेचाही हात आहे. ओटीत आलेला खण आपण शिवायचं सोडून दिलं. आला की ट्रंकेत, पुढच्या हळदीकुंकवाला दुसरीला. असे फिरते खण प्रत्येक घरात होते. आईनं दिलेला एक खण, कोपऱ्यावर शाईचा ठिपका असलेला, दोन वर्षांनी फिरून आमच्याच घरी आलेला मी पाहिलाय. शिवायचाच नसेल तर चांगला कशाला घ्या? मग बाजारात पातळ, चमकदार, टाका घातला की उसवणारे "ओटीचे खण" गठ्ठ्यानं आले. रीत शाबूत राहिली आणि कापड मेलं. रेशीम-सुताचा खरा खण विणणाऱ्याला गिऱ्हाईक उरलं नाही. गुळेदगुड्डला मी ज्या घरातून माल घेते तिथे पूर्वी चार माग चालायचे, आता एकच चालतो. बाकीच्या तीन मागांच्या खड्ड्यांवर फळ्या टाकून धान्याची पोती ठेवलीत.

त्या एका मागाला काम मिळालं ते आजच्या फॅशनमुळे. कॉलेजच्या पोरींना खणाचा क्रॉप टॉप हवा झाला, बँकेतल्या बाईंना खणाचं जॅकेट हवं झालं, म्हणून. काही ज्येष्ठ बायकांना ते खटकतं. "खणाचा शर्ट? पुरुषांनी?" मला खटकत नाही. कापड अंगावर आलं तरच जगतं. पण मग डिझाइन करणाऱ्यांचीही जबाबदारी वाढते. नुसती बुट्टी उचलून पॉलिएस्टरवर छापली आणि "पारंपरिक कलेक्शन" म्हटलं तर त्यात विणकर कुठे राहिला? घेताना कापड उलटं करून बघा एवढंच सांगेन. विणलेल्या बुट्टीचे धागे मागे दिसतात, छापील कापड मागून कोरं किंवा फिकं असतं.

जून 2025 मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि आधी कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा आपण सगळे पेटून उठलो होतो. मीही पोस्ट टाकली होती. कोल्हापुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे धरून. तो राग रास्तच होता आणि कंपनीला नंतर श्रेय मान्य करावं लागलं. पण त्या आठवड्यात मला एक गोष्ट टोचत होती. बाभळीची साल आणि हिरडा घालून कातडं कमावणारे, ते शिवणारे हात ज्या समाजाचे, त्यांना आपण गावात कुठे घर बांधू दिलं? त्यांच्या हातचं पाणी किती घरांत चालत होतं? चप्पल आपली आणि माणूस वेशीबाहेरचा, हेही त्याच परंपरेत बसत होतं. मिलानला श्रेय मागताना आपण ते घरातही द्यायला हवं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांचं काम मला यासाठी आवडतं. कुणबी-गावडा बायकांचं लाल चौकड्यांचं लुगडं, खांद्यावर गाठ मारून, घोट्याच्या वर नेसलेलं. शेतात चिखलात वाकून लावणी करायची तर तसंच नेसावं लागतं. गरिबीची खूण म्हणून ते मागे पडत चाललं होतं. ते त्यांनी शहरातल्या बायकांना नेसता येईल असं करून रॅम्पवर आणलं. राबणारणीचं वस्त्र मानाचं ठरवलं, ही निवड होती. 2014 मध्ये पद्मश्री मिळाली, 2020 मध्ये ते गेले.

निवड म्हणतेय मी, कारण माझ्या कामातही ती रोज करावी लागते. तीन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनासाठी मी बारा जॅकेट शिवून दिली. फोटो काढायचे होते. सगळ्या मुलींना नथ, चंद्रकोर, हिरवा चुडा, मंगळसूत्र. मी म्हटलं, एक फोटो माझ्या आत्याचा घेऊ या, जांभळ्या खणात तिचे पांढरे केस फार सुंदर दिसतील. आयोजक बाई वाईट नव्हत्या, हसून म्हणाल्या, "ताई, थीम सवाष्णीची आहे, ते बरं नाही दिसणार." मी गप्प बसले. पुढची ऑर्डर जाईल म्हणून बसले. त्याची लाज मला अजून वाटते.

आणि हे कधी? हेरवाडच्या ठरावानंतर! आमच्या शेजारच्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. 4 मे 2022 ला तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं गावात बंद. शाहू महाराजांचं स्मृतिशताब्दी वर्ष होतं ते. त्याच महिन्यात सरकारनंही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. एक गाव एवढं करू शकतं, तर कपड्यांचा फोटो काढणाऱ्यांनी कुठली बाई "पारंपरिक" दिसते याचा विचार करायला काय हरकत आहे?

परंपरेतलं घेण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते बुट्टीच्या पलीकडेही आहे. कातरण न उरू देणारी ती चोळी. घडी मोडायला नवी साडी आधी दुसरीला नेसायला देण्याची रीत. उरलेल्या चिंध्यांची गोधडी. आणि नऊवारीची कनवट! आजीचे सगळे पैसे कनवटीला असायचे. भाजीवाल्याचे, आमच्या खाऊचे, आणि आजोबांना माहीत नसलेलेही. नऊवारी गेली, सहावारी आली, पंजाबी ड्रेस आला आणि बाईच्या कपड्यातून पैसे ठेवायची जागाच गेली. मशीनवर शिवलेल्या तयार नऊवारीतही कनवट नसते, मागे चेन असते. मी खणाच्या प्रत्येक कपड्याला खिसा लावते. मोबाइल मावेल एवढा खोल, आतून दुहेरी शिलाई. गिऱ्हाईक म्हणतं, खिसा नको, फुगा दिसतो. मी समजावते. बहुतेक जणी ऐकतात, आणि पुढच्या वेळी स्वतःहून मागतात.

तर आत्या. गेल्या दिवाळीत दुकानात बसली होती. गुळेदगुड्डहून गठ्ठा आला होता, तो ती सवयीनं उलगडून परत घड्या घालत होती. एक जांभळा खण बराच वेळ हातात धरून बसली. मग विचारलं, "हा केवढ्याला?" मी म्हटलं, "आत्या, पैसे काय विचारतेस, घे की." ती म्हणाली, "तसा नको. मला विकत पाहिजे." पेन्शनच्या पैशातून तिनं तीन खण घेतले, पाच रुपयेसुद्धा सोडू दिले नाहीत. 43 वर्षं कुणी तिच्या ओटीत घातला नाही, तो खण तिनं स्वतःचा स्वतः घेतला. मला तिथे काही बोलता आलं नाही. मापं घ्यायला टेप काढली.

संक्रांतीला ती बाहेरच्या खोलीत बसली, बायकांमध्ये. दोघी-तिघी कुजबुजल्या. आमच्या घरातही एकीनं ताट पुढे करताना तिला वगळलं, हे लिहायला हवं. पण समोरच्या घरातली सून, मागच्या वर्षीच जिचा नवरा गेला, ती दारात घुटमळत होती. आत्यानं तिला हात धरून आत आणलं, शेजारी बसवलं आणि जॅकेटच्या खिशातून घडी घातलेला खण काढून तिच्या पदरात घातला. त्रिकोणी घडी, तीच जुनी, साच्यातून काढल्यासारखी.

पुढच्या संक्रांतीसाठी तिनं माझ्याकडे पंचवीस खण सांगून ठेवलेत. हातमागाचे, आणि शिवता येतील असे.