‘चालतंय की’ म्हणणाऱ्यांनी माझ्या होडीची काय दशा केली

आता पुन्हा कुणी माझ्यासमोर ‘चालतंय की’ म्हणालं, तर मी हातातला स्क्रॅपर त्याच्या हातात देणार आहे. बस खाली आणि खरवड. दसऱ्यापासून मी हेच करतेय. दर शनिवार-रविवार गेला, दिवाळीची सगळी सुट्टी गेली. भाऊबीजेला भावाला मी होड्यांच्या यार्डातच ओवाळलं, केसांत पांढरी धूळ, नखांत निळा रंग, आणि तो बिचारा निरांजन वाऱ्यात विझू नये म्हणून ताडपत्री धरून बसला होता.

होडी शिडाची, 22 फुटी, फायबरची, 1987 सालची. दोन वर्षांपूर्वी घेतली तेव्हा मी तिची तिसरी मालकीण. अंग अजून खणखणीत आहे. बोटाच्या पेरांनी ठोकलं की बहुतेक ठिकाणी घट्ट आवाज येतो. खाडीच्या तोंडाशी दुपारचा वारा भरला की ती एका अंगावर कलते आणि अशी निघते, की सुकाणू धरलेल्या हाताला तिचा सगळा जोर कळतो. एवढी चांगली होडी! आणि तिच्या अंगावर आधीच्या लोकांनी जे काही फासून ठेवलंय ते बघून तळपायाची आग मस्तकात जाते.

लोक विचारतात, एका होडीला रंग लावायला सात आठवडे कसे लागतात? पाण्यावर दिसणारी तिची बाजू दोन्हीकडची मिळून साधारण 12 चौरस मीटर. एक हात मारायला एक सकाळ पुरते. तीन हात म्हणजे तीन सकाळी. बाकीचे सात आठवडे मी रंग लावत नव्हते, दुसऱ्यांनी मारलेले हात काढत होते.

सगळ्यात वर पांढरा ऑइल पेंट. दाराखिडक्यांना लावतात तोच. कसं कळलं? थिनरमध्ये चिंधी भिजवून ती होडीच्या अंगावर चिकटपट्टीने दहा मिनिटं ठेवली. काढली तर रंग लोण्यासारखा मऊ होऊन चिंधीबरोबर आला. हार्डनर घालून लावलेला रंग पूर्ण पक्का झालेला असेल तर असा सुटत नाही. आणि या ऑइल पेंटवर मला लावायचा होता तो दोन भागांचा, म्हणजे हार्डनर मिसळून पक्का होणारा, पॉलियुरेथेन लावला असता, तर त्यातल्या थिनरने खालचा थर उचलला असता, तापल्या दुधावरच्या सायीसारखा सगळा सुरकुतला असता. म्हणजे हा थर काढण्यावाचून सुटका नाही. खरवडला. खाली राखाडी थर, तोही तसलाच. तोही खरवडला. त्याच्या खाली कधीतरी कुणीतरी पैसे खर्चून आणलेला चांगला रंग होता, पण तो पापडासारखा तुकड्यातुकड्यांनी निघत होता, कारण त्याच्याखालचा मूळ जेलकोट, म्हणजे फायबरवरचा बाहेरचा गुळगुळीत थर, त्या माणसाने घासलाच नव्हता. रंग महागातला आणायचा आणि 10 रुपयांच्या पॉलिश पेपरचा कंटाळा करायचा! रंगाला धरायला खाली खरखरीत पृष्ठभाग लागतो, हे घराच्या भिंती रंगवणारा पहिल्या दिवसाचा पोऱ्याही सांगेल. जेलकोट असतो जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, त्यामुळे ग्राइंडर फिरवून मोकळं होता येत नाही. हाताने, 80 नंबर, मग 120, मग 220. खांदे भरून आले की दुसऱ्या हाताने.

हे तरी वरचं. पाण्याखालच्या भागात जे सापडलं त्याला मी माफ करणार नाही.

डाव्या बाजूला, मधल्या भागात, ठोकल्यावर बद्द आवाज यायचा. खरवडलं तर गुलाबी लांबी. गाडीचा पोचा भरायला गॅरेजवाले वापरतात ती. तिच्यात टाल्कची भुकटी असते आणि ती पाणी पिते. गाडीच्या दारावर ती ठीक आहे, वर्षभर पाण्यात बुडालेल्या होडीच्या पोटाला ती कशी लावता तुम्ही? त्या लांबीच्या आजूबाजूला हाताच्या तळव्याएवढ्या जागेत फोड. एक फोडला तर आतून चिकट पाणी आलं आणि व्हिनेगरसारखा आंबट वास. पॉलिएस्टर रेझिनमध्ये पाणी मुरलं की आतले घटक विरघळून आम्ल तयार होतं, ते आणखी पाणी ओढतं, दाब वाढतो, फोड येतो. कुणाला तरी हे फोड आधीच दिसले होते! त्याने ते उघडले नाहीत, धुतले नाहीत, वाळवले नाहीत. वरून लांबी थापली, निळा रंग फासला, आणि होडी विकून टाकली. पाण्याखाली कोण बघतंय, असंच म्हणाला असणार.

मी उघडले. एकेक फोड मोठा करून, कडा उतरत्या करून, गोड्या पाण्याने धुतला. एकदा नाही, रोज, आठवडाभर, आंबट वास जाईपर्यंत. यार्डात गोडं पाणी टँकरचं, तेही मागून मागून आणायचं. मग वाळवणं. प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून ठेवायचा आणि उन्हात आतून दव धरतं का बघायचं. धरलं की अजून थांबायचं. मग त्या खड्ड्यांत इपॉक्सी, हार्डनर घालून घट्ट होणारं रेझिन. इपॉक्सी सुकल्यावर वर मेणचट थर येतो, तो घासण्याआधी पाण्याने आणि काथ्याने धुवावा लागतो, नाहीतर पॉलिश पेपर तो मेणचटपणा सगळीकडे पसरवतो आणि पुढचा थर धरत नाही. हे सगळं मला करता आलं, मी काही या धंद्यातली नाही, ठाण्याला बँकेत नोकरी करते. मग जे या कामाचे पैसे घेतात त्यांना का करता येत नाही?

आणि धुळीचं तर बोलायलाच नको. नाही, बोलतेच. होडीच्या पोटाला शिंपलेबिंपले धरू नयेत म्हणून लावतात त्या रंगात तांब्याचं ऑक्साइड असतं. विषच ते, त्याचं कामच ते. तो कोरडा घासायचा नसतो. पाणी मारत ओला घासायचा, खाली ताडपत्री अंथरायची, निघालेला गाळ गोळा करायचा. जुन्या होड्यांवर याहून वाईट असू शकतं. ट्रायब्युटिल टिन, असल्याच रंगात पूर्वी घालायचे ते कथलाचं विष. 1970 च्या दशकात फ्रान्सच्या आर्काशों उपसागरात यानेच कालवांची शिंपलं जाड, वेडीवाकडी झाली आणि पैदास बसली. 1982 मध्ये फ्रान्सने लहान होड्यांवर त्याला बंदी घातली. जगभरची बंदी यायला 2001 चा करार व्हावा लागला, आणि तो लागू व्हायला 17 सप्टेंबर 2008 उजाडावा लागला. माझी होडी 1987 ची. तिच्या तळच्या थरात काय आहे हे मला कोण सांगणार? म्हणून मी मास्क लावून, ओलं करून, बादल्या भरून काढलं. शेजारी दोन पोरं उघड्या अंगाने, तोंडाला साधा रुमालही न बांधता, तसलाच लाल रंग कोरड्या ग्राइंडरने उडवत होती. सगळी भुकटी चिखलात. त्याच चिखलापलीकडच्या खडकांवर ओहोटीला बायका कोयती घेऊन कालवं फोडतात. मी ठेकेदाराला म्हटलं, अहो, निदान त्या पोरांना मास्क द्या, खाली काहीतरी अंथरा. तो म्हणाला, ‘‘ताई, एवढी वर्षं असंच चालतंय.’’

एवढी वर्षं चालतंय म्हणून तर ही दशा आहे!

बरं, स्वतः नीट करायचं ठरवलं तरी सामान मिळायला नको? मला तीन लिटर रंग हवा होता. तीन. बोटींचा रंग विकणाऱ्यांकडे 20 लिटरचा डबा, त्यांचं गिऱ्हाईक जहाजं आणि बार्ज. लहान पॅक मागितला की फोन ठेवतात. शेवटी एका दुकानात मिळाला. हार्डनरचा डबा हलवला तर आत काहीतरी खडखडलं. लेबलवर दुसरं लेबल, तारखेच्या नेमकं वर. नखाने सोडवलं, खालची तारीख दीड वर्षापूर्वी संपलेली. हा हार्डनर हवेतल्या ओलाव्यानेच खराब होतो, मुंबईच्या पावसाळ्यात गोदामात पडलेला डबा म्हणजे संपलाच. दुकानदार म्हणे, ‘‘मॅडम, थोडा जास्त टाका, चालून जाईल.’’ नाही चालून जात! प्रमाण ठरलेलं असतं, वजनाने किंवा मापाने. जास्त टाकून तो पक्का होत नाही, बिघडतो. आणि थिनरही त्याच कंपनीचा त्याच रंगासाठीचा लागतो. दुकानातला ‘कशालाही चालतो’ म्हणून देतात तो नाही. दोन फेऱ्या, 11 दिवस यात गेले. लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येचं उधाण तेव्हाच हुकलं होतं.

उधाणाचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या यार्डाच्या उतारावर भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान, भरतीला पाणी पुरत नाही. होडी उतरवायची तर अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपासची मोठी भरतीच हवी. ती हुकली की पंधरा दिवस बसा.

मग हवा. ही तक्रार कुणा माणसाची नाही, पण राग तितकाच. दोन भागांच्या पॉलियुरेथेनला ओलावा चालत नाही. होडीचं अंग दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा, निदान 3 अंश गरम हवं, हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या खाली हवी. सकाळी सातला होडी दवाने न्हालेली. साडेनऊपर्यंत वाळते. अकरानंतर उन्हात अंग इतकं तापतं की रोलर फिरवला की ब्रश टेकवायच्या आत रंग ओढायला लागतो, ब्रशच्या रेघा तशाच राहतात. दुपारी दोनला खारा वारा सुरू, अंगावर मीठ. संध्याकाळी लावला तर रात्री दव पडून सकाळी चकाकी गेलेली. राहिलं काय? साडेनऊ ते अकरा. दीड तास. त्यात एका बाजूने नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, सुरुवात करायची, एकाने रोलर, दुसऱ्याने मागोमाग कोरड्या ब्रशची टोकं, ओली कड सुकू द्यायची नाही, थांबायचं नाही, फोन घ्यायचा नाही. पहिला हात असा दिला. घासला. दुसरा दिला. घासला. तोवर त्रिपुरी पौर्णिमाही गेली. पण मला वाईट वाटलं नाही, कारण होडी दिसायला लागली होती. खरंच दिसायला लागली होती. गडद निळी, आणि तिच्यात समोरच्या माडांची सावली सरळ उतरलेली.

शेजारच्या ट्रॉलरचा म्हातारा नाखवा रोज येऊन बघून जायचा. त्याची लाकडी होडी नारळी पौर्णिमेच्या आधीच तयार होऊन पाण्यात गेली होती, आता फक्त इंजिनाच्या पाण्याखालच्या पंख्यासाठी वर काढलेली. एकदा त्याने हात लावून बघितलं आणि म्हणाला, ‘‘बरोबर केलंस पोरी.’’ एवढंच. ज्याचं पोट होडीवर आहे तो कलाफत करताना, म्हणजे फळ्यांमधल्या फटी बुजवताना, एक फट सोडत नाही. त्याच्या तोंडून ‘चालतंय’ हा शब्द मी एकदाही ऐकला नाही.

तिसरा हात परवा, रविवारी. शनिवारीच ठेकेदाराला सांगून ठेवलं होतं, उद्या साडेनऊ ते दुपारपर्यंत माझ्या वाऱ्याच्या बाजूला काही घासू नका. एकदा नाही, दोनदा सांगितलं. हो हो, ताई. भाऊ रोलरवर, मी ब्रशवर. 10 वाजून 50 मिनिटांनी उजवी बाजू संपली. डावी आधीच झाली होती. पाणी प्यायला वळले तर कानात ग्राइंडर. 15 मीटरवर लोखंडी बार्जची कड घासायला सुरुवात, ठिणग्यांचा फवारा, आणि वारा तिकडून इकडे. मी ओरडत धावले. बंद करेपर्यंत पाच मिनिटं गेली असतील. पाच मिनिटं पुरली. डाव्या बाजूच्या मागच्या अर्ध्या भागात, ओल्या रंगात, लोखंडाचे कण. आज ते काळे दिसतायत, आठवड्याने प्रत्येकाभोवती गंजाचं पिवळं वर्तुळ येईल.

ठेकेदार आला. वाकून बघितलं. डोळे बारीक केले. आणि म्हणाला, ‘‘चालतंय की ताई. लांबून कुठे दिसतंय?’’

मी लांबून बघत नाही हो! मी तिच्यावर बसते. सुकाणू धरून वाकले की ती बाजू माझ्या डोळ्यांसमोर असते, पाण्यापासून हातभर. ते गंजाचे ठिपके मी रोज बघणार. आणि दहा वर्षांनी हिची चौथी मालकीण कुणीतरी खरवडायला बसेल आणि विचारेल, कोण होती ही बाई, जिने लोखंडाचा चुरा तसाच ठेवला?

रंग पक्का व्हायला आठवडा द्यायचा आहे. पुढच्या शनिवारी डावी बाजू मागून मध्यापर्यंत 320 च्या वॉटर पेपरने घासणार, कण निघेपर्यंत. कार्तिकी अमावास्येचं उधाणही गेलं म्हणायचं. रविवारी, साडेनऊला दव वाळलं की, पुन्हा हात. रंग अर्धा लिटर उरलाय, तेवढा पुरेल. आणि शनिवारी संध्याकाळपासून त्या बार्जच्या ग्राइंडरची वायर माझ्या पिशवीत असेल.