ते वाक्य नागपुरात बोललं गेलं होतं, सर

आज दुपारी व्हॉट्सॲपवर एका विद्यापीठाच्या ‘महिला इतिहास सप्ताहा’चं निमंत्रण आलं आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. कोणतं विद्यापीठ ते लिहीत नाही, उगाच त्यांची प्रसिद्धी कशाला. पोस्टर चकचकीत. वर जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई. मधोमध बाबासाहेबांचं ते वाक्य, समाजाची प्रगती मी त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, ते. त्याखाली विषय, ‘इंटरसेक्शनल स्त्रीवाद’, म्हणजे बाई म्हणून आणि जात-वर्णावरून होणारा अन्याय एकत्र पाहणारा विचार. वक्ते पुण्याचे, मुंबईचे, एक मॅडम दिल्लीहून ऑनलाइन. आणि अगदी तळाला उद्देश: ग्रामीण महिलांमध्ये इतिहासाची जाणीव निर्माण करणे.

निर्माण करणे म्हणे!

अहो, ते वाक्य बाबासाहेब बोलले कुठे? नागपुरात. २० जुलै १९४२, मोहन पार्क, अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, आपल्या अमरावतीच्या. समोर वीस-पंचवीस हजार बाया. ज्यांना उद्देशून बोलले त्यांचं पोस्टरवर नावनिशाण नाही.

त्या गर्दीत माझी आजी होती. तेरा-चौदा वर्षांची असेल. भिवापूरकडचं गाव. तिच्या मायनं तिला नागभीडच्या छोट्या रेल्वेगाडीत बसवून नेलं. दिवस ऐन धानाच्या रोवणीचे, म्हणजे ज्या दिवसांत बाई घरी बसली तर घरात चूल पेटायची मारामार. पाटलानं दम दिला होता, गेल्या तर पुढच्या रोवणीला येऊ नका. गेल्या. भाकर आणि मिरचीचा ठेचा फडक्यात बांधून गेल्या. आजीला भाषणांतलं काही आठवायचं नाही, हे मी आधीच सांगते. तिला आठवायचं ते एवढंच: “बाई खुर्चीवर बसली होती माय, अन् मानसं बाजूनं उभे होते.” हे ती शंभरदा सांगायची, आणि दरवेळी हसायची.

तर मी कार्यक्रमाच्या आयोजक सरांना फोन लावला. म्हटलं, सर, एक सत्र १९४२ वर ठेवा, आमच्याकडे आजीच्या तोंडून ऐकलेलं आहे, उमरेड-भिवापूर पट्ट्यात अजून घरोघरी अशा आठवणी निघतील. सर म्हणाले, “ताई, चांगलं आहे, पण ते ओरल झालं. रेफरन्स लागतो.”

रेफरन्स! उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ १९८९ साली छापलं. आंबेडकरी चळवळीतल्या बायांवरचं पुस्तक, मराठीत आहे. गावोगाव फिरून, म्हाताऱ्या बायांशी बोलून लिहिलंय. आणि गंमत बघा, तुमच्या पोस्टरवरचा तो इंटरसेक्शनल शब्द अमेरिकेतल्या कायद्याच्या प्राध्यापक किंबर्ले क्रेनशॉ यांनी लेखात मांडला तोही १९८९ मध्येच. त्यांनी उदाहरण दिलं अमेरिकेतल्या मोटार कारखान्यातल्या काळ्या बायांच्या खटल्याचं. कोर्ट म्हणालं, कंपनीत बायका आहेत (त्या गोऱ्या), काळे लोकही आहेत (ते पुरुष), मग अन्याय कुठे झाला? हे वाचलं तेव्हा मला समजावून सांगायला कोणी लागलं नाही. आपल्या मित्रयादीतल्या कुणालाही लागणार नाही.

कारण आपल्याकडे हे होऊन गेलेलं आहे. जाईबाई चौधरी उमरेडच्या. पोटासाठी डोक्यावर ओझी वाहिली, मग शिकल्या, मग मास्तरीण झाल्या, तर अस्पृश्य मास्तरीण नको म्हणून पालकांनी गोंधळ घातला. त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा काढली. आणि १९३७ साली नागपुरातच अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन भरलं, शिकल्यासवरल्या, स्त्रियांच्या हक्कांवर बोलणाऱ्या बायकांचं, तिथं जाईबाईंचं जेवणाचं पान वेगळं मांडलं. बायांच्याच परिषदेत! पाच वर्षांनी आपल्या बायांनी स्वतःची परिषद भरवली. घटस्फोटाचा हक्क मागितला, एकाला दोन बायका नकोत म्हणाल्या, गिरणीतल्या आणि विडी कारखान्यातल्या बायांना भरपगारी रजा आणि पेन्शन मागितली, मुलींसाठी वसतिगृहं मागितली, कायदेमंडळात जागा मागितल्या. हे १९४२ मध्ये. माझी आजी ठेच्याचं फडकं मांडीवर घेऊन हे ऐकत होती, कळलं असेल नसेल.

आणि बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे? १८८२ मध्ये ‘स्त्री पुरुष तुलना’ लिहिणाऱ्या? त्याही पोस्टरवर नाहीत. जाऊ द्या, फोटो मिळाला नसेल.

बरं, मान्य, कार्यक्रम होतोय हेच पुष्कळ. कित्येक कॉलेजात ८ मार्चला एक गुलाबाचं फूल देऊन विषय संपतो. आणि पुण्या-मुंबईच्या वक्त्या वाईट बोलतील असंही नाही, त्यातल्या एकींचं मी वाचलंय, चांगलं लिहितात. झालं, केलं मान्य.

पण वेळ बघा. दुपारी चार ते सात. आमच्याकडची शेवटची एसटी साडेपाचला सुटते. ज्या मुली चौकात उभ्या राहून गाडीची वाट बघतात, त्यांनी इतिहासाची जाणीव घ्यायची की घर गाठायचं? आणि महिना मार्च. मिरची सातऱ्यावर, म्हणजे मिरच्यांचे देठ खुडायच्या जागेवर, कामाचा जोर असतो. पहाटेपासून बाया देठ खुडत बसतात, हातांची एवढी आग होते की रात्री लेकराला जवळ घेता येत नाही. तिकडे गडचिरोली-गोंदियाकडे मोहफुलं वेचायचे दिवस. यांच्यात जाणीव निर्माण करायची, आणि यांना सुट्टी कोण देणार? १९४२ मध्ये रोवणी बुडवून गेलेल्या बायांना कुणी जाणीव करून दिली होती?

हो, आणि सूचना क्रमांक चार: विद्यार्थिनींनी पारंपरिक वेशभूषेत यावे. रांगोळी स्पर्धेत भाग घेणे बंधनकारक. विद्यार्थ्यांसाठी सूचना नाही. मुलं बहुतेक फोटो काढणार.

हे लिहिता लिहिता राग थोडा उतरला. कारण सर माणूस वाईट नाहीत. फोन ठेवताना म्हणाले, “आजी आहेत का अजून?” नाहीत, म्हटलं. थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “माझी आजी पण उमरेडची होती.” मी विचारलं, मग त्या गेल्या होत्या का? त्यांना माहीत नव्हतं, कधी विचारलंच नव्हतं. मला काय बोलावं सुचलं नाही.

तर सर, हे वाचत असाल तर (वाचताय, मला माहीत आहे, पाच मिनिटांपूर्वी ऑनलाइन होतात), रांगोळीऐवजी हे करा. वसतिगृहातल्या प्रत्येक मुलीला एक वही द्या. घरी जाऊन आजीला, आजीच्या बहिणीला, शेजारच्या म्हातारीला विचारून लिहून आण म्हणावं: कुठे कामाला जायची, रोजी किती मिळायची, कुठली सभा पाहिली, कुठल्या विहिरीवर पाणी भरू दिलं नाही. गोंड, कोलाम, मुसलमान, कुणबी, सगळ्यांच्या घरचं येऊ द्या, आमच्याच घरचं हवं असं नाही. आणि २० जुलैला ते मुलींनी स्वतः वाचायचं. सकाळी अकराला. वक्ता नको, हार नको.

बाकी तुमच्यापैकी ज्यांच्याकडे १९४२ च्या परिषदेचं काही असेल, पत्रक, फोटो, ऐकलेली गोष्ट, त्यांनी मला फोन करा. कमेंटमध्ये टाकलं की हरवतं.

आणि इनबॉक्समध्ये विचारताय म्हणून: हो, सप्ताहाला जाणार आहे. सातऱ्यावरच्या दोघी सोबत येतो म्हणाल्या, त्यांची बुडालेली रोजी मी देईन, परतीला ऑटो सांगून ठेवलाय. पारंपरिक वेशभूषेचं त्यांना काही बोलले नाही.