खुनी कोण? पान १७ पाहा

परवा आमच्या भागातल्या वाचनालयाने माझ्याकडून तीस रुपये दंड घेतला आणि पावतीवर कारण लिहिले, 'पुस्तक विद्रूप करणे'. अशा वेळी 'पैशांचे काही नाही हो' असे म्हणायची पद्धत आहे. मला पैशांचेही आहे. रहस्यकादंबरी परत करताना काउंटरवरच्या ताईंनी पाने फडफडवली आणि पान १७ वर, जिथे बंगल्याचा माळी हातात झारी घेऊन पहिल्यांदा कथानकात येतो, तिथे समासात पेन्सिलीने लिहिलेले 'हाच खुनी' हे शब्द त्यांना दिसले. मला ते आदल्या आठवड्यातच, रात्री अंथरुणात पडल्या पडल्या दिसले होते, आणि पुढची सगळी पाने मी त्या माळ्याला जास्वंदीला पाणी घालताना पाहत काढली होती.

"हे मी लिहिलेले नाही," असे मी सांगत असतानाच मागच्या बाकावरून आवाज आला, "मी लिहिलंय."

बाकावर एक वयस्क गृहस्थ बसले होते. बुधवार असल्यामुळे ते गंगेवरच्या, म्हणजे आमच्या नाशकातल्या गोदाकाठच्या, बाजारातून थेट आलेले दिसत होते. मांडीवरच्या पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती आणि शर्टाच्या खिशाला, इतर लोक पेन लावतात त्या जागी, बारीक टोक केलेली पेन्सिल होती. मी आशेने ताईंकडे पाहिले. "आप्पा आजीव सभासद आहेत," ताई म्हणाल्या, "आणि पुस्तक तुमच्या नावावर आहे, सर."

"पण तुम्ही हे लिहिता कशासाठी?" मी आप्पांना विचारले.

"लोकांचा वेळ वाचावा म्हणून. मी कोषागारात नोकरी केली. फाईल आली की आधी शेवटचा आदेश वाचायचा, मग सवड असली तर कारणं. तुमचे हे लेखक आदेश दडवून ठेवतात आणि दोनशे पानं नुसती कारणं देत बसतात. आमच्या सोसायटीतल्या एक बाई असली पुस्तकं वाचत रात्र रात्र जागायच्या, बीपी वाढलं त्यांचं. मी नाव लिहायला लागलो, आता दहाला झोपतात."

या कामाला पद्धतही होती. रहस्यकथेत खुन्याचे नाव तो पहिल्यांदा येतो त्याच पानावर लिहायचे, म्हणजे वाचकाला शोधाशोध नको. भयकथेत 'भूत नाही, धाकटा दीर आहे' एवढा खुलासा पुरतो. विज्ञानकथेत मात्र यंत्राचे शेवटी काय होते हे त्यांना स्वतःलाच पुष्कळदा कळत नाही, म्हणून तिथे ते नुसते प्रश्नचिन्ह काढतात. "फक्त नारायण धारपांच्या पुस्तकांत मी काही लिहीत नाही," ते म्हणाले. "तिथे शेवट सांगून उपयोग नाही. भीती मधल्याच पानांत बसलेली असते."

हे वाक्य मला आवडले, आणि आवडले म्हणून अधिकच राग आला. लंडनमध्ये ॲगाथा ख्रिस्तीचे 'द माऊसट्रॅप' हे नाटक १९५२ साली रंगभूमीवर आले, आणि खुनी कोण हे बाहेर कोणाला सांगू नका, अशी विनंती त्याच्या प्रेक्षकांना प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी केली जाते. हिचकॉकने १९६० साली 'सायको' आणला तेव्हा सिनेमा सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचे नाही, असा दंडकच घातला होता. तिथे रहस्य जपण्यासाठी एवढा बंदोबस्त, आणि इथे आप्पा मेथी आणि पेन्सिल घेऊन बसलेले! अर्थात, ऑस्टिन फ्रीमन या इंग्रज लेखकाने १९१२ सालच्या कथासंग्रहातच गुन्हेगार आधी दाखवून मग तपास रंगवण्याची तऱ्हा रूढ केली होती, आणि अमेरिकी दूरचित्रवाणीवरचा कोलंबो त्याच तऱ्हेवर वर्षानुवर्षे चालला. पण ती मुभा लेखकाची असते, आजीव सभासदाची नव्हे.

आणि खरे सांगायचे तर माझे दुखणे पेन्सिलीचे नाहीच. कवितेच्या समासात कोणी 'शेवटी पाऊस पडतो' असे लिहून ठेवत नाही; ग्रामीण कादंबरीत 'बैल मरतो' असे लिहिले तर वाचनालयाची कार्यकारिणी बैठक बोलावेल. रहस्यकथा आणि भयकथा मात्र कोणीही चोळामोळा करावा अशाच समजल्या जातात. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यांच्या झुंजार आणि धनंजय या नायकांनी दोन पिढ्यांना वाचायची चटक लावली, आणि वाङ्मयेतिहासात त्यांची बोळवण बहुधा एका परिच्छेदात होते. जयंत नारळीकरांनीसुद्धा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला आपली पहिली विज्ञानकथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती. पुढे २०२१ साली आमच्याच नाशकात साहित्य संमेलन झाले आणि त्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत, तरी मला वाटले होते की आता तरी या गावात आमच्या जातीच्या, म्हणजे रहस्यकथा-विज्ञानकथा लिहिणाऱ्या, लेखकाकडे लोक जरा सरळ नजरेने पाहतील. प्रत्यक्षात अजूनही कार्यक्रमात माझी ओळख 'हे हलकेफुलके लिहितात' अशी करून दिली जाते, आणि माझ्या कथांत सरासरी तिघांचे गळे दाबले जातात.

"तुम्ही स्वतः लिहिता म्हणे," आप्पा म्हणाले. ताईंनी सांगितले असावे. ते उठले, सराईतपणे खालच्या कप्प्यापर्यंत गेले आणि माझी कादंबरी घेऊन आले. सुरुवातीच्या पानांवर पेन्सिलीची एकही खूण नव्हती. माझा ऊर भरून येत होता तेवढ्यात पान ४० उघडले गेले. तिथे कंपाउंडर नुकताच दवाखान्याचे कुलूप काढत होता आणि समासात लिहिले होते, 'हा असणार.' शेवटच्या पानावर त्याच अक्षरात एक बरोबरची खूण होती.

"शेवट न बघता ओळखला," आप्पा म्हणाले. त्यांच्या स्वरात अभिमान होता आणि माझ्याविषयी थोडी कीवही. "कंपाउंडरला पगार नाही, बायको आजारी, आणि औषधाच्या कपाटाची चावी त्याच्याकडे. आमच्या कोषागारात असा माणूस दुसऱ्या दिवशी निलंबित झाला असता."

मी तीस रुपये मोजून ताईंपुढे ठेवले आणि पावती घेऊन निघालो, तेव्हा आप्पा पायरीपर्यंत सोबत आले. नवीन कादंबरी कधी येणार, याची त्यांनी आपुलकीने चौकशी केली. दिवाळीपर्यंत, असे मी सांगताच त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, मेथीच्या पिशवीतून एक जुने बिल काढून उलटे केले आणि म्हणाले, "मग नाव आत्ताच सांगून ठेवा ना."